बाहेर पडण्याची किंमत आणि बाहेर पडण्याचे मोल

ब्रिटनने युरोपीय महासंघात राहावे की बाहेर पडावे, यावर 23 जून 2016 रोजी सार्वमत झाले आणि 51.9 टक्के विरुद्ध 48.1 टक्के असा कौल बाहेर पडण्याच्या बाजूने लागला. 31 जानेवारी 2020 रोजी ब्रिटन औपचारिकरीत्या बाहेर पडला (यालाच ‘ब्रेक्झिट’ म्हणतात), त्याच वर्षाच्या अखेरीस जुने नियम तात्पुरते चालू ठेवणारा संक्रमणकाळही संपला. त्या कौलाला आता दशक होत आले, तरी त्याची किंमत किती पडली हा वाद संपलेला नाही. वाद चालू आहे याचे मला दुःख नाही. तो ज्या रीतीने घातला जातो त्याचे आहे. एक पक्ष राष्ट्रीय उत्पन्नातील घटीचा आकडा पुढे ठेवतो आणि त्या आकड्यातच निर्णय चुकल्याचा निवाडा आला असे धरून चालतो. दुसरा पक्ष सार्वभौमत्वाचा उच्चार करतो आणि नुकसान झालेच नाही, झाले असेल तर ते करोनाच्या साथीने, युक्रेनमधील युद्धाने किंवा ब्रुसेल्सच्या आडमुठेपणाने झाले असे सांगतो. बाहेर पडण्यासाठी काय मोजावे लागले हा एक प्रश्न आहे. जे मिळाले ते तेवढे मोजण्याच्या योग्यतेचे होते का, हा दुसरा. पहिला किमतीचा, दुसरा मोलाचा. दोन्ही पक्ष यांची सरमिसळ करतात, आणि त्यामुळे एकाही प्रश्नाचे धड उत्तर मिळत नाही.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. किंमत पडली, ती मोठी होती, आणि ती नाकारणे अप्रामाणिकपणाचे आहे. परंतु किंमत पडली एवढ्यावरून निर्णय चुकीचा ठरत नाही. राष्ट्रांनी याहून कितीतरी मोठी किंमत जाणीवपूर्वक मोजलेली आहे आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी त्याबद्दल त्यांना दोष दिलेला नाही. ब्रिटनच्या बाबतीत दोष द्यायचा तो एवढ्यासाठी, की कोणत्या प्रकारे बाहेर पडायचे, त्यासाठी काय द्यावे लागेल आणि ते कोणाच्या खिशातून जाईल, यांपैकी एकही गोष्ट निश्चित न करता लोकांचे मत मागितले गेले.

आधी आकड्यांकडे वळू, कारण बहुतेक भांडण तेथेच अडकते. ब्रिटनच्या अंदाजपत्रकीय उत्तरदायित्व कार्यालयाने (‘ओबीआर’ या नावाने ओळखली जाणारी स्वायत्त संस्था) असे गृहीत धरले आहे, की महासंघात राहिला असता त्या तुलनेत ब्रिटनची उत्पादकता दीर्घकाळात 4 टक्क्यांनी आणि आयात-निर्यात 15 टक्क्यांनी कमी राहील. यातील ‘गृहीत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. हा 4 टक्क्यांचा आकडा तराजूत घालून मोजलेला नाही. तेरा वेगवेगळ्या अभ्यासांची सरासरी काढून तो ठरवला गेला. तरीही ‘ब्रेक्झिटमुळे 4 टक्के नुकसान झाले’ असे वाक्य ऐकू येते, जणू कोणी हिशेबाची वही उघडून ते वाचून दाखवत आहे. दुसरी पद्धत सेंटर फॉर युरोपियन रिफॉर्म या संस्थेच्या जॉन स्प्रिंगफर्ड यांनी वापरली. 2016 पूर्वी ज्यांची वाटचाल ब्रिटनशी जुळत होती अशा देशांचे मिश्रण करून त्यांनी एक काल्पनिक, महासंघातच राहिलेला ब्रिटन उभा केला आणि खऱ्या ब्रिटनची त्याच्याशी तुलना केली. 2022 च्या मध्यापर्यंत खरा ब्रिटन या प्रतिरूपाच्या सुमारे साडेपाच टक्के मागे पडला होता, असा त्यांचा निष्कर्ष होता. टीकाकारांनी विचारले, की या मिश्रणात अमेरिकेचा वाटा मोठा असेल आणि अमेरिकेची भरभराट स्वतःच्या कारणांनी झाली असेल, तर ब्रिटन तिच्या मागे पडल्याचा दोष ब्रेक्झिटवर कसा टाकता येईल? हा आक्षेप रास्त आहे. जे घडलेच नाही त्याच्याशी तुलना करून काढलेला कोणताही आकडा वादातीत नसतो, हे आकडे मांडणाऱ्यांनी आपणहून सांगायला हवे होते.

बाहेर पडण्याच्या बाजूचा याहूनही बळकट मुद्दा म्हणजे 2016 सालच्या भाकितांची झालेली फजिती. त्या वर्षीच्या मे महिन्यात ब्रिटनच्या अर्थखात्याने असे मांडले, की बाहेर पडण्याचा कौल लागताच देश वर्षभराच्या मंदीत जाईल आणि बेरोजगारांच्या संख्येत सुमारे पाच लाखांची भर पडेल. तसे झाले नाही. पौंड घसरला, एका रात्रीत डॉलरच्या तुलनेत 8 टक्क्यांहून अधिक. परंतु अर्थव्यवस्था वाढत राहिली आणि बेरोजगारी कमी होत गेली. त्याआधी एप्रिलमध्ये याच खात्याने 2030 पर्यंत प्रत्येक कुटुंबामागे 4,300 पौंडांचे नुकसान होईल असे जाहीर केले होते. वास्तविक ते देशाच्या एकूण उत्पन्नातील अंदाजित घटीला कुटुंबांच्या संख्येने भागून आलेले उत्तर होते, कोणा कुटुंबाच्या हाती येणाऱ्या पैशात होणारी कपात नव्हती. पण प्रचारात ते तसेच ऐकवले गेले. तज्ज्ञांचे लोकांना पुरे झाले आहे, असे बाहेर पडण्याच्या बाजूचे नेते मायकेल गोव्ह यांनी त्या प्रचारात म्हटले, तेव्हा सुशिक्षितांनी नाक मुरडले. पण लोकांचा तज्ज्ञांवरचा विश्वास का उडतो, याचे एक उत्तर अर्थखात्याच्या त्या दोन पत्रिकांत आहे, हे मान्य केल्याशिवाय पुढची चर्चा प्रामाणिक होत नाही.

पण या फजितीवरून किंमतच पडली नाही असा निष्कर्ष निघतो का? मे महिन्याच्या भाकितात धक्का तात्काळ बसेल असे धरले होते. प्रत्यक्षात कौल लागल्यावर ब्रिटन साडेतीन वर्षे महासंघातच होता आणि महासंघाच्या एकल बाजारपेठेचे (जिथे माल, सेवा, भांडवल आणि माणसे यांना देशांच्या सीमा अडवत नाहीत) सगळे लाभ 2020 च्या अखेरीपर्यंत त्याला मिळत होते. शिवाय ऑगस्ट 2016 मध्ये बँक ऑफ इंग्लंडने व्याजदर पाव टक्क्यावर आणून आधार दिला. जी भिंत अद्याप बांधलीच गेली नव्हती तिला कोणी धडकले नाही, यात नवल कसले? मात्र त्याच काळात एक गोष्ट मुकाट्याने घडत होती. 2010 नंतर वाढत आलेली उद्योगांची गुंतवणूक 2016 पासून जवळजवळ जागच्या जागी थबकली. नियम काय असतील हे ठाऊक नसताना नवे यंत्र कोण बसवील? मंदीला तारीख असते, तिच्या बातम्या होतात. न बसवलेल्या यंत्राची, न उघडलेल्या शाखेची, न दिलेल्या नोकरीची बातमी होत नाही. राजकीय संघ सोडण्याची किंमत बहुधा याच रूपाने येते, आणि म्हणूनच ती नाकारणेही सोपे जाते.

आता ‘आठवड्याला 35 कोटी पौंड’ या प्रसिद्ध आकड्याकडे त्याच नजरेने पाहू. प्रचाराच्या लाल बसवर तो रंगवला होता आणि हा पैसा महासंघाला देण्याऐवजी राष्ट्रीय आरोग्य सेवेला देऊ असे सुचवले होते. 1984 साली मार्गारेट थॅचर यांनी मिळवलेली वर्गणीतील सवलत त्यातून वजा केलेली नव्हती, आणि महासंघाकडून शेतकऱ्यांना व मागास भागांना परत मिळणारा पैसाही नाही. ब्रिटनच्या सांख्यिकी प्राधिकरणाने या वापराला जाहीर आक्षेप घेतला होता. सर्व वजावट केल्यावर वर्षाकाठी निव्वळ वर्गणी साधारण 9 अब्ज पौंडांच्या आसपास भरत असे. ब्रिटनचे वार्षिक उत्पन्न ढोबळमानाने पावणेतीन हजार अब्ज पौंड धरले, तर त्याचे 4 टक्के म्हणजे सुमारे 110 अब्ज होतात आणि त्यातून सरकारला मिळाला असता असा कर 40 अब्जांच्या घरात जातो. 4 टक्क्यांचा अंदाज दुपटीने फुगलेला आहे असे मानले, तरी वाचलेल्या वर्गणीपेक्षा बुडालेला कर जास्तच राहतो. हा हिशेब ढोबळ आहे, तो अंतिम आहे असा माझा दावा नाही. पण केवळ पैशाच्या भाषेत बोलायचे ठरवले तर बाहेर पडण्याच्या बाजूने हिशेब जुळत नाही, एवढे त्यावरून स्पष्ट होते. मग पैशाच्या भाषेत बोलायला सुरुवात कोणी केली होती? ज्यांना स्वातंत्र्य हवे होते त्यांनी ते स्वातंत्र्य म्हणूनच मागायचे होते. ताकाला जाऊन भांडे लपवण्याची गरज नव्हती.

येथे बाहेर पडण्याच्या बाजूचा सर्वांत गंभीर युक्तिवाद येतो, आणि मला त्याबद्दल मनापासून आदर आहे. तो असा, की आपले कायदे आपण करावेत, ते करणाऱ्यांना मतदानाने घरी पाठवता यावे, ही गोष्ट टक्क्यांत मोजण्याची नव्हेच. याला ठोस आधारही आहे. 1988 साली ब्रिटिश संसदेने स्पॅनिश मालकीच्या मासेमारी नौकांना आळा घालणारा कायदा केला. तो युरोपीय कायद्याशी विसंगत असल्याने 1990 मध्ये ब्रिटनच्याच सर्वोच्च न्यायपीठाने, म्हणजे तेव्हाच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, तो बाजूला ठेवला. संसदेहून श्रेष्ठ काही नाही असे शतकानुशतके शिकत आलेल्या देशात ही घटना साधी नव्हती. अनेक विषयांत महासंघाच्या मंत्रिपरिषदेत बहुमताने निर्णय होत असल्यामुळे ब्रिटनने विरोधात मत देऊनही कायदा लागू होऊ शकत असे, हेही खरे आहे. महासंघात राहण्याच्या बाजूने प्रचार करणाऱ्यांनी या मुद्द्याला कधी सरळ तोंड दिले नाही. राहण्यालाही किंमत असते, हे त्यांनी कबूल केले नाही. त्यांच्या बोलण्यात सगळे भय बाहेरचे होते, आणि आत काय चांगले आहे याबद्दल अभिमानाचे दोन शब्दही क्वचितच होते.

ही किंमत मोजणारी राष्ट्रे इतिहासात आहेत, आणि त्यांतले सर्वांत बोलके उदाहरण ब्रिटनच्या शेजारीच आहे. आयर्लंड 1801 पासून ब्रिटनशी संघात बांधलेला होता. त्या संघात आपली लूट होते, या आयरिश तक्रारीला 1896 साली एका शाही आयोगाच्याच अहवालाने बळ मिळाले: आयर्लंडवर वर्षाला सुमारे पावणेतीन दशलक्ष पौंडांची जादा करआकारणी होत आहे, असे त्याने म्हटले. वेस्टमिन्स्टरला, म्हणजे लंडनच्या सरकारकडे, जाणारा आपला पैसा आपल्याकडे राहिला तर आपण संपन्न होऊ, हे त्या काळच्या राष्ट्रवाद्यांचे आवडते प्रतिपादन होते. पण 1908 मध्ये ब्रिटनने वृद्धांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले, आयर्लंडमध्ये वृद्ध आणि गरीब पुष्कळ होते, आणि थोड्याच वर्षांत तराजू उलटा झुकला. आयर्लंडमधून जमणाऱ्या करापेक्षा तेथे होणारा खर्च वाढला. तरीही आयर्लंड बाहेर पडला. डिसेंबर 1922 मध्ये मुक्त राज्य अस्तित्वात आले, आणि 1924 साली अर्थमंत्री अर्नेस्ट ब्लाइथ यांनी तिजोरी सावरण्यासाठी वृद्धांच्या आठवड्याच्या दहा शिलिंगांतून एक शिलिंग कापला. स्वातंत्र्याची किंमत म्हणजे काय, हे त्या एका शिलिंगात दिसते. ती घोषणा देणाऱ्यांनी भरली नाही, शेगडीपाशी बसलेल्या म्हाताऱ्या माणसांनी भरली.

किंमत तेथे संपली नाही. 1932 मध्ये आयरिश सरकारप्रमुख एमन डी व्हॅलेरा यांनी जमीनखरेदीच्या जुन्या कर्जांचे हप्ते ब्रिटनला देणे थांबवले. ब्रिटनने आयरिश गुराढोरांवर जकात बसवली, आणि गुरे विकून जगणारा शेतकरी सहा वर्षे त्यात भरडला गेला. 1938 मध्ये दहा दशलक्ष पौंड एकरकमी देऊन हे आर्थिक युद्ध मिटले. आयरिश पौंड तर 1979 पर्यंत ब्रिटिश पौंडाशी एकास एक बांधलेला राहिला, म्हणजे राजकीय स्वातंत्र्य मिळून सत्तावन्न वर्षे होईपर्यंत चलनाचे निर्णय लंडनमध्येच होत होते. एकट्या 1950 च्या दशकात सुमारे चार लाख माणसे देश सोडून गेली, आणि त्यांतली बहुसंख्य त्याच ब्रिटनमध्ये गेली. आज आयर्लंड संपन्न आहे; पण ही संपन्नता येण्यास स्वातंत्र्यानंतर दोन पिढ्यांहून अधिक काळ गेला, आणि ती आली तेव्हा 1973 मध्ये स्वीकारलेल्या युरोपीय समुदायाच्या सदस्यत्वाचा त्यात मोठा वाटा होता. तरी 1922 चा निर्णय चूक होता असे म्हणणारा आयरिश माणूस शोधूनही सापडणे कठीण आहे. अर्थतज्ज्ञाच्या वहीत तोटा आणि राष्ट्राच्या मनात समाधान, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, आणि किमतीच्या आकड्यावर वाद संपला असे समजणाऱ्यांनी याचा विचार केला पाहिजे.

सोव्हिएत संघात असलेल्या लिथुआनियाने 11 मार्च 1990 रोजी स्वातंत्र्य जाहीर केले, तेव्हा मॉस्कोने पाच-सहा आठवड्यांत त्याचा तेलपुरवठा तोडला. तेथील लोकांना किंमत कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. ती त्यांच्या दारात उभी होती. त्यांनी ती पाहून निर्णयावर ठाम राहणे पत्करले.

मग ब्रिटनलाही हाच न्याय लावून आर्थिक तक्रार बाजूला ठेवायची का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्याचे कारण मोलाच्या बाजूला आहे. आयर्लंड किंवा लिथुआनिया स्वखुशीने, लोकांच्या मताने त्या संघात गेलेले नव्हते. ब्रिटन 1973 मध्ये आपल्या संसदेच्या निर्णयाने समुदायात गेला आणि 1975 च्या सार्वमतात 67 टक्के लोकांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. महासंघाच्या प्रत्येक करारावर ब्रिटनची स्वाक्षरी होती. युरो त्याने स्वीकारला नव्हता, आपसांतल्या सीमांवरची तपासणी काढून टाकलेल्या देशांच्या शेंगेन क्षेत्रात तो नव्हता, करआकारणी आणि परराष्ट्र धोरणात त्याला नकाराधिकार होता. आणि हवे तेव्हा बाहेर पडण्याचा मार्ग डिसेंबर 2009 पासून लागू झालेल्या लिस्बन कराराच्या पन्नासाव्या कलमात लिहून ठेवलेला होता. ज्या बंधनातून सुटण्याची रीत बंधनातच दिलेली आहे, त्याला पारतंत्र्य म्हणता येत नाही. खुद्द ब्रिटिश सरकारने फेब्रुवारी 2017 च्या श्वेतपत्रिकेत कबूल केले, की सदस्यत्वाच्या संपूर्ण काळात संसद सार्वभौमच होती, मात्र नेहमी तसे वाटत नसे. भावनेलाही लोकशाहीत वजन असते, हे मी मान्य करतो. परंतु जे आधीच जवळ होते ते ‘परत मिळवण्यासाठी’ किती मोजावे, हा प्रश्न जे कधीच नव्हते ते मिळवण्याच्या प्रश्नाहून वेगळा आहे.

मिळालेल्या अधिकाराने काय साधले, तेही पाहायला हवे. काही लाभ खरे आहेत. 2025 मध्ये अमेरिकेने आयातशुल्क वाढवले तेव्हा ब्रिटिश मालावर सर्वसाधारण दर 10 टक्के राहिला आणि महासंघाच्या मालावर तो 15 टक्के झाला. शेतीच्या अनुदानाची जुनी युरोपीय रीत सोडून ते पैसे निसर्गसंवर्धनाशी जोडण्याचा इंग्लंडचा प्रयत्न मला तरी स्वागतार्ह वाटतो. सेवांची निर्यात अपेक्षेपेक्षा चांगली टिकली. पण ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप होता त्या स्वतंत्र व्यापारी करारांचे माप सरकारनेच घेतलेले आहे: ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारातून दीर्घकाळात उत्पन्नात 0.08 टक्क्यांची भर पडेल असा सरकारी अंदाज होता आणि प्रशांत महासागरी देशांच्या व्यापारी गटात जाण्यापासूनचा अंदाजही साधारण तेवढाच. स्थलांतरावर नियंत्रण हा प्रचाराचा कणा होता. नियंत्रण आले, आणि जून 2023 ला संपलेल्या वर्षात निव्वळ स्थलांतर 9 लाखांच्या वर गेले. ते पुढे खाली आले आणि धोरण ब्रिटनचेच होते, म्हणून नियंत्रण खोटे होते असे नाही. पण मत देणाऱ्याने काय समजून मत दिले होते?

किमतीच्या चर्चेत सरासरीचा आकडा आणखी एक गोष्ट झाकतो, ती म्हणजे वाटणी. महासंघाशी झालेल्या नव्या व्यापार करारात जकात नाही, हे वारंवार सांगितले जाते आणि ते खरे आहे. पण माल मुळात कोणत्या देशाचा याचे पुरावे, सीमाशुल्काची घोषणापत्रे, मांस व दुग्धजन्य पदार्थांसाठी पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र, हे सारे आले. मोठी कंपनी त्यासाठी एक विभाग उघडते आणि तो खर्च हजारो खेपांवर पसरतो. महिन्याकाठी दोन-चार खोकी पाठवणारा छोटा उत्पादक तोच खर्च दोन-चार खोक्यांवर कसा पसरवील? लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी 2024 च्या अखेरीस दाखवून दिले, की एकूण निर्यातीतील घट आधीच्या काही अंदाजांपेक्षा कमी असली तरी ती छोट्या कंपन्यांवर एकवटली आहे आणि महासंघाला माल पाठवणाऱ्या सुमारे 16 हजार कंपन्यांनी तो पाठवणेच बंद केले आहे. मासेमारांना सर्वाधिक आशा दाखवली गेली होती. मे 2025 मध्ये खाद्यपदार्थांवरील तपासण्या सैल करण्याच्या वाटाघाटी सुरू करताना युरोपीय नौकांना ब्रिटिश पाण्यात 2038 पर्यंत मुभा वाढवून देण्यात आली. आयर्लंडमधील वृद्धांच्या त्या शिलिंगाची आठवण मला येथे होते: किंमत देश भरतो असे आपण म्हणतो, प्रत्यक्षात ती विशिष्ट माणसे भरतात, आणि ती बहुधा तीच असतात ज्यांच्या नावाने मत मागितले गेले.

किंमत अटळ असली तरी तिचे प्रमाण ठरलेले नसते. 1905 मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला; सार्वमतात 3 लाख 68 हजारांहून अधिक लोकांनी बाजूने आणि अवघ्या 184 जणांनी विरोधात मत दिले, आणि आर्थिक घडी फारशी विस्कटली नाही. याचे कारण असे, की राजा आणि परराष्ट्र व्यवहार यांपलीकडे फारसे काही सामाईक नव्हते. संसद, कायदे, खजिना आधीपासूनच वेगळे होते. चेकोस्लोव्हाकियाचे 1 जानेवारी 1993 रोजी दोन देश झाले तेव्हा चलन काही महिने तरी एकच ठेवायचे ठरले होते, पण लोकांनी पैसा चेक बाजूला हलवायला सुरुवात केली आणि ते पाच-सहा आठवड्यांत, 8 फेब्रुवारीला, मोडले. मात्र दोघांनी सीमाशुल्क संघ (आपसांत जकात नाही आणि बाहेरच्या मालावर एकसारखी जकात, अशी व्यवस्था) टिकवला, मालमत्ता लोकसंख्येच्या प्रमाणात दोनास एक अशी वाटली आणि 2004 मध्ये दोघेही युरोपीय महासंघात गेले. घट्ट विणलेले कापड उसवताना धागे तुटतात; किती तुटतील, हे विण किती घट्ट होती आणि उसवणारा काय राखू इच्छितो यावर ठरते. ब्रिटनपुढेही पर्याय होते. नॉर्वेप्रमाणे एकल बाजारपेठेत राहता आले असते, निदान सीमाशुल्क संघ राखता आला असता. 17 जानेवारी 2017 च्या भाषणात तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी दोन्ही सोडणार असे जाहीर केले. हा निर्णय मतपत्रिकेवर नव्हता.

यावर उत्तर दिले जाते, आणि ते दुबळे नाही, की प्रचारात राहण्याच्या बाजूचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन आणि बाहेर पडण्याच्या बाजूचे मायकेल गोव्ह या दोघांनीही बाहेर पडणे म्हणजे एकल बाजारपेठ सोडणे असेच सांगितले होते. खरे आहे. पण बाहेर पडण्याच्या बाजूचे डॅनियल हॅनन यांच्यासारखे नेते वर्षभर आधी असेही सांगत होते, की एकल बाजारपेठेतील स्थान धोक्यात घालण्याची भाषा कोणीच करत नाही. एका बाजूचे दोन नेते परस्परविरोधी आश्वासने देतात आणि दोन्हींची मते एका पेटीत जमा होतात. मग ती पेटी उघडल्यावर त्यांतल्या नेमक्या एका आश्वासनाला कौल मिळाला, असे म्हणण्याचा अधिकार कोठून येतो?

स्कॉटलंडचे उदाहरण दोन्ही बाजूंना अडचणीचे आहे. सप्टेंबर 2014 च्या सार्वमतात हुजूर पक्षाचे अनेक नेते स्कॉटिश लोकांना चलन, सीमा आणि बाजारपेठ गमावण्याची भीती दाखवत होते; त्यांतल्याच काहींनी दोन वर्षांत युरोपच्या बाबतीत हीच भीती निराधार ठरवली. स्कॉटिश राष्ट्रवाद्यांनी नेमके उलट केले. खनिज तेल पिंपामागे 110 डॉलर राहील असे धरून त्यांनी स्वातंत्र्याचा हिशेब मांडला होता. सार्वमतानंतर चार-पाच महिन्यांत तो भाव निम्म्याहून खाली गेला. तेच पुढे ब्रेक्झिटच्या खर्चाचे कठोर लेखापाल झाले. आपल्याला आवडणारा संघ सोडणे महाग आणि न आवडणारा सोडणे स्वस्त, असे ज्याला नेहमी आढळते त्याने हिशेब मांडलेलाच नसतो.

मग करायला काय हवे होते? माझ्या मते दोन टप्प्यांत विचारणा व्हायला हवी होती: प्रथम तत्त्वतः बाहेर पडण्याबद्दल, आणि अटी ठरल्यावर त्या अटींबद्दल. यावरचा मुख्य आक्षेप मला ठाऊक आहे. दुसरे मत होणार हे कळले की समोरचा पक्ष मुद्दाम वाईट अटी देईल, म्हणजे लोक घाबरून परत येतील. आणि पहिला कौल मानवला नाही म्हणून लोकांना पुन्हा विचारणे हे आयर्लंडने लिस्बन कराराच्या वेळी 2008 आणि 2009 मध्ये केले तेव्हा त्याची बरीच निर्भर्त्सना झाली होती. पण आधीच ठरवून घेतलेला दुसरा टप्पा आणि निकाल न आवडल्याने मागाहून काढलेला दुसरा टप्पा यांत फरक आहे. 2018 नंतर ब्रिटनमध्ये दुसऱ्या सार्वमताची मागणी करणाऱ्यांना नेमका हाच फरक महागात पडला, आणि त्यांच्यावर घेतला गेलेला संशय मी निराधार म्हणणार नाही. वाईट अटींची भीती दुसरे मत नसतानाही खरीच ठरली: पन्नासाव्या कलमाचे दोन वर्षांचे घड्याळ मार्च 2017 मध्ये, आपल्याला नेमके काय हवे यावर मंत्रिमंडळाचे एकमत होण्याआधीच, ब्रिटनने स्वतः सुरू केले होते.

हा प्रश्न इतिहासात जमा झालेला नाही. 1998 च्या गुड फ्रायडे शांतता करारानुसार, ब्रिटनकडेच राहिलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये बहुमत संयुक्त आयर्लंडच्या बाजूने झाले आहे असे दिसू लागल्यास तेथे सार्वमत घ्यावे लागेल, आणि 2016 मध्ये तेथील 55.8 टक्के मतदारांनी महासंघात राहण्याच्या बाजूने दिलेला कौल बाजूला पडल्यापासून त्याची चर्चा वाढलेली आहे. लंडनहून उत्तर आयर्लंडला दरवर्षी मिळणाऱ्या अब्जावधी पौंडांचे काय होणार, यावर आकड्यांची तीच लढाई सुरू झाली आहे: 2024 मधील एका अभ्यासाने एकीकरणाचा खर्च वर्षाला 20 अब्ज युरोपर्यंत जाऊ शकतो असे म्हटले, तर दुसऱ्या अभ्यासकांनी खरा बोजा त्याचा लहानसा अंश असेल असे मांडले. निवृत्तिवेतन कोण देणार, दवाखान्यातले उपचार कोणत्या रीतीने मिळणार, राष्ट्रीय कर्जातला वाटा कोणाकडे जाणार, या तीन गोष्टी दोन सरकारांनी आधी ठरवल्या तर त्या आकड्यांमधले बरेचसे अंतर आपोआप मिटेल. बेलफास्टमधल्या मतदाराला मतपत्रिका हाती घेण्यापूर्वी ती उत्तरे लेखी मिळाली पाहिजेत, आणि ती तयार करण्याचे काम लंडन आणि डब्लिनने मतदानाची तारीख ठरण्याची वाट न पाहता आताच हाती घ्यायला हवे.